लेकीच्या घरचं पाणी

५ ऑक्टोबर
हवामान उकाड्याचं. चांदपूर तलाव भरलेला. धानाला पाण्याची शेवटची पाळी सुरू.

नोकरीत होतो तेव्हा ही ओळ रोज लिहावी लागे. कालवा निरीक्षकाची दैनंदिनी वरच्या साहेबापर्यंत जात असे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, वाचायला साहेब उरला नाही, तरी ती ओळ लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. मध्ये काही दिवस मात्र वही उघडलीच नाही. लिहायचं एकच होतं आणि ते लिहायचं नव्हतं.

मेघा गेली. आमची एकुलती एक मुलगी. डेंग्यूचा ताप होता. उतरला उतरला म्हणेपर्यंत बिघडलं, भंडाऱ्याहून नागपूरला नेलं आणि तिथून ती बोलत परत आली नाही. लिहिलं एकदाचं.

काल तिची तेरवी झाली, भंडाऱ्याला, जावयाच्या घरी. मंगेशचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. दानाची भांडी ओसरीवर ओळीनं मांडली होती. ताट, तांब्या, परात आणि एक गिलास, चिंचेनं नुकताच घासलेला. ऊन पडलं की तो गिलास नेमका डोळ्यांवर येई. मी जागा बदलून बसलो.

पंगत बसली तेव्हा मी उठून बाहेर गेलो. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. माझ्या वडिलांनी पाळला, आजोबांनी पाळला. मेघाच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल झालं नाही. तेव्हा नियम सुटला नाही. मंगेशच्या काकांना ते लागलं असावं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तेरवीचा घासबी नाई घेत का जी?"

मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. मंगेशच मध्ये पडला. "राहू द्या काकाजी. मामाजी कधीच नाही घेत. तिले माहीत होतं." जावई समजूतदार आहे. मनकर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, आत बायकांमध्ये होती. तिचं मला माहीत नाही.

८ ऑक्टोबर
ऊन. पाळीचा शेवटचा टप्पा.

कालव्याच्या शेवटच्या टोकाकडच्या शेतकऱ्यांचं भांडण माझ्या दारात आलं. वरच्यांनी पाणी अडवलं म्हणे. मी आता कोण? पण लोक येतात, कारण मी कधी कोणाची भीड ठेवली नाही हे त्यांना ठाऊक आहे. सख्ख्या भावाचं धान करपत होतं तेव्हासुद्धा त्याची पाळी आल्याशिवाय मी कालव्याचं दार उचललं नव्हतं. भाऊ कितीतरी दिवस बोलत नव्हता. पण पाणी सगळ्यांना सारखं मिळालं.

दोन्हीकडच्यांना बांधावर उभं करून भांडण मिटवलं. येताना वाटलं, मेघाला फोन करून सांगावं. असल्या भांडणांच्या गोष्टी ऐकून ती पोट धरून हसायची, "बाबा, तुम्ही कलेक्टर व्हायले पाहिजे होते," म्हणायची. फोन काढला, तिचं नाव शोधलं आणि मग बांधावरच बसलो. बराच वेळ बसलो. यंदा पाणी पुष्कळ आहे.

१४ ऑक्टोबर
ढगाळ.

सकाळी भैय्यालाल आला. विम्याचा एजंट आहे, इथलाच. एरवी त्याची मोटारसायकल वळणावर असतानाच त्याचं बोलणं घरात पोचतं. आज हेल्मेट मांडीवर घेऊन बसला आणि हेल्मेटशीच बोलल्यासारखा बोलला.

"काकाजी, कंपनीले कळवा लागते."

"काय कळवायचं?"

"आता काय सांगू जी. मेघाबाईचं."

तेव्हा कळलं. मेघा लग्नाआधी तुमसरच्या शाळेत लागली होती, तेव्हा तिनं भैय्यालालकडून पॉलिसी काढली होती. मी विसरलो होतो. त्यात नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. वडील, वासुदेवराव. मी म्हटलं, लग्नानंतर नाव बदलायला हवं होतं, आता नवऱ्याचं लागतं.

"म्या म्हनलं होतं ना जी तिले," भैय्यालाल म्हणाला. "पत्ता बदलाले आली होती तवाच म्हनलं, बाई, जावायाचं नाव टाकून दे. तं हासली. म्हने, राहू द्या भैय्यालालभाऊ. बाबा माह्या घरचं पानीबी पेत नाही. मंग हे कसे नाही घेत ते पाहू."

सांगताना त्यालाही हसू आलं आणि मग तो एकदम हेल्मेटकडे बघायला लागला.

मला संताप आला. पोरीची चेष्टा करायची सवय मला माहीत आहे, पण चेष्टा कुठे करावी याला काही धरबंध? पोर गेली आणि बापानं त्याचे पैसे घ्यायचे? जिच्या घरचं पाणी घेत नाही तिच्या मरणाचं घ्यायचं? मी भैय्यालालला म्हटलं, मला नको. कंपनीला सांग, मंगेशला द्या.

"तसं नाही होत काकाजी. अर्ज तुमच्याच सहीचा लागते. तुमी नाही कळवलं तं तिथंच पडून राहीन."

"राहू दे पडून."

चहा न घेताच गेला. मनकर्णा चहा घेऊन बाहेर आली तोवर मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. ती कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. हल्ली ती बोलतच नाही.

१७ ऑक्टोबर
हवामान बरं.

घेणं न घेणं नंतर, निदान कळवावं तरी, असं ठरवून अर्ज लिहायला बसलो. या गावातले अर्ध्याहून जास्त अर्ज माझ्या हातचे. सातबारा असो, रेशनकार्ड असो, बदली असो, लोक म्हणतात वासुदेवरावांच्या अर्जाला साहेब नाही म्हणत नाही. 'प्रति, मा. शाखा व्यवस्थापक' इथपर्यंत अक्षर उत्तम आलं. 'विषय : माझी मुलगी मेघा हिच्या' असं लिहिलं आणि पेन थांबलं.

निधन, मृत्यू, देहावसान. हे तिन्ही शब्द दुसऱ्यांच्या अर्जांत मी डोळे झाकून लिहिले आहेत. आज एकही तिच्या नावापुढे बसेना. कागद बदलला, पेन बदललं. शेवटी दोन्ही कागद चुलीत टाकले. उद्या बघू.

१८ ऑक्टोबर
आजही नाही.

२३ ऑक्टोबर
ऊन. हलकं धान कापणीला आलं.

भैय्यालालचं बोलणं डोक्यातून जात नाही. लोकांना वाटेल मी पोरीकडे जात नव्हतो. जात होतो. भंडाऱ्याला काम निघालं की तिच्याकडे टेकल्याशिवाय आलो नाही, आणि रिकाम्या हातानं कधी गेलो नाही. घरचे तांदूळ, दिवसांप्रमाणे आंबे, शिंगाडे. ती दार उघडायची आणि आधी पाणी आणायची. पितळी गिलास होता, त्यावर मंगेशच्या दुकानातून नाव घालून घेतलं होतं, 'बाबा'. त्या गिलासात दुसऱ्या कोणाला पाणी द्यायची नाही. मी गिलासाला बोट लावायचो, ते कपाळाला लावायचो आणि म्हणायचो, "पावलं, बेटा." ती गिलास उचलून आत जायची. मग बराच वेळ बाहेर यायची नाही. बायकांना स्वयंपाकघरात काम असतंच.

एकदा भर उन्हाळ्यात गेलो होतो. तिनं दुकानातून पाण्याची बाटली आणली. म्हणाली, "बाबा, हे दुकानचं आहे. झाकणसुद्धा फोडलं नाही पाहा. हे माह्या घरचं नाही."

"पैसे कोणी दिले?"

"मी दिले."

मी खिशातून नोट काढून तिच्या हातावर ठेवली आणि मग पाणी प्यालो. मला वाटलं ती हसेल. चेष्टा तिनंच सुरू केली होती. पण ती हसली नाही, नोट तशीच हातात धरून उभी राहिली. मग मीच तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "नातू होऊ दे, मग बघ, मुक्कामालाच येतो जेवायला." ती हो बाबा म्हणाली. दर भेटीत मी तिला हा आशीर्वाद न चुकता देत असे.

ती असती तर यंदा दिवाळीला आली असती. हे वाक्य लिहून काय उपयोग? पण लिहिलं.

२ नोव्हेंबर
पाडवा. थंडी पडायला लागली.

गावात सगळ्यांच्या लेकी आल्या आहेत. शेजारच्या अंगणात जावई खाटेवर बसले आहेत आणि लहान पोरं फटाक्यांच्या कागदांत लोळत आहेत. परवापासून मंडईची जत्रा सुरू होईल, नाटक येईल, रात्रभर गाव जागेल. मनकर्णानं अनारसे केले. कोणासाठी केले ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डबा भरून तिनं फळीवर ठेवला, जिथे दर वर्षी मेघाचा डबा असायचा तिथे.

मला ओरडावंसं वाटतं. कोणावर ते कळत नाही.

५ नोव्हेंबर
भंडाऱ्याला गेलो होतो, म्हणून तलाव पाहिला नाही.

विमा कंपनीच्या शाखेत गेलो. भैय्यालालनंच रेटा लावला होता, की तुमी स्वतः जाऊन एकदा सांगून तर या. मी मनाशी ठरवलं होतं, कळवायचं आणि त्याच वेळी माझं नाव काढून मंगेशचं टाकायला सांगायचं. म्हणजे विषय संपला.

खिडकीवर रत्नमालाबाई म्हणून आहेत. चष्मा लावतात, बोलणं गोड. मी म्हटलं, एका पॉलिसीवर नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, ते काढून जावयाचं लावायचं आहे.

"पॉलिसी तुमची आहे का काका?"

"मुलीची."

"मग तुम्हाला नाही बदलता येत. ज्यांची पॉलिसी आहे त्यांचीच सही लागते."

मी गप्प उभा राहिलो. त्यांना वाटलं मला समजलं नाही. चष्मा वर करून, अगदी समजावून म्हणाल्या, "त्यांनाच घेऊन या ना काका. इथे समोर बसून सही केली की झालं. सोपं काम आहे."

सांगायचं होतं. त्यासाठीच एवढी एसटी करून गेलो होतो. ती नाही, एवढंच बोलायचं होतं. मागे लोक उभे होते. मी म्हटलं, "बरं, आणतो."

"सोमवार सोडून या. सोमवारी फार गर्दी असते, त्यांना ताटकळत बसावं लागेल."

त्यावरही मी मान हलवली.

तुमसरच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. लिहायला लाज वाटते, पण दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही ही सवय आहे. वरठीचं फाटक जाईपर्यंत मी खरोखरच विचार करत होतो की मेघाला शाळेतून कोणत्या दिवशी सुट्टी मिळेल.

७ नोव्हेंबर
थंडी.

मनकर्णाला दोन दिवस काही सांगितलं नव्हतं. आज ती तांदूळ निवडत बसली होती तेव्हा सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"आनतो म्हनलं? कोठून आनता जी?"

तिनं पुन्हा सूप घेतलं. चार खडे काढून टाकले आणि सुपाकडे बघतच म्हणाली, "मी पेत होती."

"काय?"

"पानी. तिच्या घरचं. चाहाबी पेत होती. मांगच्या साली तिच्या घरी राहाले गेलती, तवा जेवलीबी. पाटोडीची भाजी केलती तिनं. दोन डाव मांगून घेतली."

मला आधी समजेचना. एवढी वर्षं आम्ही दोघं एक नियम पाळत होतो असं मी समजत होतो. म्हटलं, मले काहून नाही सांगितलं? (रागात असलो की माझ्याही तोंडी हीच भाषा येते.)

"तिनंच सांगतलं होतं, आई, बाबाले नको सांगू. नेम मोडला असं समजलं तं त्याइले वाईट वाटन."

मी चपला घालून कालव्यावर गेलो. कालवा आता कोरडा आहे, नुसता गाळ आणि बगळे. मनकर्णानं नियम मोडला म्हणून मला राग आला, असं मी इथे आधी लिहिलं होतं. ते खोडलं. राग नव्हता. हेवा वाटला. तिला मेघाच्या हातच्या पाटोडीची चव माहीत आहे. मला माझ्या मुलीच्या हातची, लग्नानंतरची, एका पदार्थाची चव माहीत नाही. लग्नाआधी ती भाजी बिघडवायची. नंतर चांगली करायला लागली असेल.

१० नोव्हेंबर
निरभ्र. रविवार.

पॉलिसीचा मूळ कागद मंगेशकडे आहे, तो बघून येतो, असं सांगून भंडाऱ्याला गेलो. खरं कारण मनात होतं. मेघाच्या घरी जायचं आणि पाणी प्यायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं. सकाळपासून तोंडात थेंब घेतला नाही.

मंगेश घरी एकटाच होता. बारीक झाला आहे. दाढी वाढली आहे. त्यानं खुर्ची दिली, पंखा लावला, स्वतः समोर बसला. पाणी विचारलं नाही. कसं विचारेल? सहा वर्षांत त्यानं तेच पाहिलं आहे. आम्ही दुकानाचं बोललो, मग बोलायचं संपलं. भिंतीवर तिचा फोटो आहे, हार घातलेला. शाळेतल्या कार्यक्रमाचा फोटो असावा. ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या कोणाकडे बघून हसते आहे.

मी म्हटलं, "मंगेशराव, पाणी आणा."

त्याला ऐकू आलं की नाही कळेना. मग तो उठला, आत गेला. भांड्यांचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. बऱ्याच वेळानं स्टीलच्या गिलासात पाणी घेऊन आला. डोळे लाल होते.

"तो पितळी गिलास?" मी विचारलं.

"तेरवीले दानात गेला, मामाजी. काकूनं तिच्या आवडीच्या वस्तू काढल्या, त्यात तोही काढला. तुमच्या समोरच तं मांडला होता."

हो. मांडला होता. मी जागा बदलून बसलो होतो.

प्यालो. गिलास खाली न ठेवता सगळं पाणी प्यालो. पाणी पाण्यासारखंच होतं. मला वाटत होतं काहीतरी होईल, छातीवरचं ओझं हलेल, निदान रडू येईल. काही झालं नाही. मी रिकामा गिलास हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसलो. गिलास घ्यायला मंगेश पुढे आला.

निघताना त्यानं पॉलिसीचा कागद आणि मृत्यूचा दाखला एका पिशवीत घालून हातात दिला. मी म्हटलं, घेऊन तुम्हालाच देतो. तो म्हणाला, "मी कसा घेऊ मामाजी? तिनं तुमचं नाव ठेवलं. माह्याशी भांडून ठेवलं."

मी विचारलं, भांडून म्हणजे? तो फाटकापर्यंत सोडायला आला आणि पाया पडला.

११ नोव्हेंबर
थंडी वाढली.

सकाळी मनकर्णा चुलीपाशी असताना सांगितलं की मी काल प्यालो, मेघाच्या घरचं पाणी. मला वाटलं तिला बरं वाटेल. खरं तर मला तिच्याकडून शाबासकी हवी होती, या वयात.

तिनं लाकूड आत सारलं. म्हणाली, "आता ते मेघाचं घर होय का जी? मंगेशरावाचं घर होय. आता तुमी खुशाल पाव्हनचार घ्या. आता कोनताच नेम नाही मोडत."

मी तसाच उभा राहिलो.

"नेम ती होती तवा होता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. तेरवीपासून मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "दर खेपेले गिलास घेऊन उभी राहे माही पोर. दर खेपेले तुमी बोट लावून वापस करत. तिले पोर नाही झालं, ते तिले कोनी सांगाची गरज होती का? तिच्या सासूनं नाही म्हनलं कधी. नवऱ्यानं नाही म्हनलं. तुमी गिलास वापस करत, तवा ती आत जाऊन रडे."

"मला वाटलं काम—"

"तुमाले वाटलंच तसं." मग ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात बोलली. "तिच्या हातचं आता एकच उरलं. तेबी तुमी वापस करून राहिले."

आज दिवसभर मी घराबाहेर पडलो नाही. नियम चुकीचा होता असं मी अजूनही म्हणत नाही. माझे वडील चुकीचे नव्हते. पण मला ती स्वयंपाकघरात दिसते आहे, गिलास हातात घेऊन, माझ्याकडे पाठ करून. आणि बाहेरच्या खोलीत मी बसलो आहे, पंख्याखाली, नियम पाळला म्हणून समाधानानं. मेघा, तू एकदा तरी बोलली असतीस. मी ऐकलं नसतं, मला माहीत आहे. तरी बोलायचं होतंस.

१३ नोव्हेंबर
सकाळी धुकं. तलाव पाहिला नाही.

काल अर्ज लिहिला. एका बैठकीत लिहिला, कागद फाडला नाही. त्याची नक्कल इथे उतरवून ठेवतो.

'प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय : माझी मुलगी मेघा हिच्या मृत्यूची खबर देण्याबाबत. महोदय, माझी मुलगी मेघा ही दिनांक २२ सप्टेंबर रोजी मरण पावली. दाखला सोबत जोडला आहे. तिने आपल्या पॉलिसीत माझे नाव लावले आहे. तिच्या घरचे काहीही घेण्यास मी आजवर नकार देत आलो. तो नकार मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. ती जे देत आहे ते मी घेतो. आपला विश्वासू, वासुदेवराव, सेवानिवृत्त कालवा निरीक्षक, मु. सिहोरा.'

आज पहिल्या गाडीनं निघालो. भैय्यालाल बरोबर येतो म्हणाला, त्याला नको म्हटलं. खिडकीवर रत्नमालाबाईच होत्या. मला ओळखलं. "आणलं का काका मुलीला?" असं विचारत हसऱ्या चेहऱ्यानं त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

मी अर्ज पुढे सरकवला. पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, तुम्ही त्या दिवशी..." म्हणाल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, सगळा अर्ज वाचला. शेवटच्या ओळींवर बोट ठेवून अगदी हळू म्हणाल्या, "काका, एवढं लिहायची गरज नसते. कंपनीला हे लागत नाही. दुसरा साधा नमुना देऊ का?"

म्हटलं, नमुनाही भरतो. पण हे राहू द्या. हे कंपनीसाठी नाही.

त्यांनी काही खोडलं नाही. कुठे कुठे सह्या करायच्या ते पेन्सिलीनं दाखवलं. नातं या रकान्यात मी 'वडील' लिहिलं. मग त्यांनी माझ्या नकलेवर पोचेचा शिक्का मारला, तारीख घातली आणि दोन्ही हातांनी तो कागद मला दिला.

दुपारी घरी पोचलो. मनकर्णा दारातच उभी होती. मी खाटेवर बसलो, पिशवी बाजूला ठेवली. ती आत जाऊन पाणी घेऊन आली आणि समोर उभी राहिली.

मी हात पुढे केला, गिलासाला बोट लावलं, ते कपाळाला लावलं आणि म्हणालो, "पावलं, बेटा."

मनकर्णा गिलास घेऊन आत गेली नाही. तशीच उभी राहिली. मला रडू फुटलं, तेरवीनंतर पहिल्यांदाच, मोठ्यानं, शेजारच्या अंगणात ऐकू जाईल असं. मग तिनं माझा हात धरून गिलासाला लावला आणि मी पाणी प्यालो.